रेणुकादासांची पाठ

"बाकी समदं ठरलंय सर. स्टेज, माईक, जेवण, गाडी. फक्त एक बारीक गोष्ट हाय," लातूरहून भुजंग फोनवर म्हणाला. "कार्यक्रम चालू असताना आमच्या दादांकडं पाठ करून उभं राहू नका."

रेणुकादासांनी फोन या कानावरून काढून त्या कानाला लावला. पहिला कान चुकीचं ऐकतो असं त्यांना कधी जाणवलं नव्हतं, पण दुसऱ्याला संधी द्यायला काही हरकत नव्हती.

"अहो, मी वाद्यवृंदाचा संचालक आहे," ते म्हणाले. "वाजवणारे माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना हातानं खुणा करतो. मग लोकांकडं पाठ होणारच. जगभर असंच असतं."

"जगाचं जगापाशी, सर. लातुरात न्हाई चालत."

नांदेडात 'नंदिग्राम चेंबर ऑर्केस्ट्रा' नावाची एक चीज आहे हे खुद्द नांदेडातल्याच बऱ्याच लोकांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांचा गैरसमज आहे. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटला की चमकीचा कोट घातलेला निवेदक, सिनेमाची गाणी, मधूनमधून नकला आणि शेवटी फर्माइशीवरून भांडण, असा एकूण आराखडा ठरलेला आहे. रेणुकादासांच्या ऑर्केस्ट्रात यातलं काहीच नव्हतं. डझनभर माणसं अर्धवर्तुळात खुर्च्यांवर बसून, पुढ्यात स्वरलिपीचे कागद ठेवून, लहानमोठी व्हायोलिनं वाजवत. ढोलकी नाही, गाणं नाही. "गाणारी बाई कवा येणार?" असं कुणीतरी सुरुवातीलाच विचारी, आणि बाई येणारच नाही हे कळल्यावर लोक मोकळेपणानं आपापसांत गप्पा मारू लागत.

या मंडळींत सगळ्यात पुढं पहिलं व्हायोलिन घेऊन बसायची ती कॉलेजात संगीत शिकवणारी देविका. व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि जरा घोगरं असं व्हायोला वाजवायचा तो दातांचा डॉक्टर अनिमेष. चेलो म्हणजे या कुटुंबातला थोरला भाऊ, जमिनीवर टेकवून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. तो अर्धापूरच्या शेषेरावाकडं होता. शेषेरावाच्या केळीच्या बागा होत्या आणि केळीचा घड सांभाळून उतरवायची सवय असल्यामुळं चेलोही त्याच्या हातात शोभून दिसे. बाकी शिक्षक, कारकून आणि एक वकील होते. या सगळ्यांना एकेक करून गाठलं होतं ते रेणुकादासांनी. बँकेच्या नोकरीत सिकंदराबादला बदली झाली असताना एका म्हाताऱ्या मास्तरांकडून ते व्हायोलिन शिकले आणि नांदेडला परत आले ते हे वेड सोबत घेऊनच.

पुढं, पाच वर्षांपूर्वी, त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टरांनी संधिवात असं नाव दिलं आणि नाव देऊन ते मोकळे झाले. व्हायोलिन पेटीत गेलं. तेव्हापासून रेणुकादासांनी हातात संचालकाची पांढरी छडी घेतली, आणि आता संगीताशी त्यांचा जो काही संबंध उरला होता तो त्या छडीएवढाच होता. ती गेली की ते एक निवृत्त बँक अधिकारी, आणि निवृत्त बँक अधिकारी नांदेडात पुष्कळ आहेत.

लातूरच्या एका पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव होता. अध्यक्ष श्रीमंतराव, सगळ्यांचे दादा. शेजारच्या पतसंस्थेनं आपल्या रौप्यमहोत्सवाला गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आणला होता आणि दादांना त्याहून वरच्या दर्जाचं काहीतरी हवं होतं. जे कुणालाच कळत नाही ते वरच्या दर्जाचं, असा विचार करून पतसंस्थेचा सचिव भुजंग यानं नंदिग्राम चेंबर ऑर्केस्ट्रा शोधून काढला. मग त्यानं दादांना मोबाईलवर एका जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला आणि तिथं घोटाळा झाला.

भुजंग रविवारी स्वतःच नांदेडला तालमीच्या हॉलवर आला. "दादांनी पूर्ण व्हिडिओ बघितला," तो सगळ्यांना सांगू लागला. "शेवटी विचारलं, ह्यो माणूस तिकडं तोंड करून कोणाला घाबरून राहिला? म्या म्हटलं, दादा, तसा कायदाच हाय. दादा म्हणाले, असा कायदा आपल्या स्टेजवर नको. एका लग्नात एका मंत्र्यानं फोटो काढताना दादांकडं पाठ केली होती. दादांनी पार्टी सोडली. पार्टी अजून परेशान हाय."

"मग दादांना स्टेजवरच सोफा टाकू," अनिमेष म्हणाला. "आमच्या मागं. म्हणजे सरांचं तोंड दादांकडं."

"अन् तुमचं?"

अनिमेषनं आपल्या खुर्चीची दिशा बघितली. एका पाठीच्या जागी डझनभर पाठी दाखवणं भुजंगलाही परवडणारं नव्हतं.

"मी आडवा उभा राहतो," रेणुकादास म्हणाले. "अर्धं तोंड इकडं, अर्धं तिकडं."

"एका अंगाला लेडीज बसतात सर. पहिल्या ओळीत चतुराबाई काकू, दादांच्या मिसेस. दादा एक वेळ माफ करतील, काकू न्हाई करायच्या."

शेवटी शेषेराव चेलो खुर्चीला टेकवून खाली गेला आणि एक गोल आरसा घेऊन वर आला. त्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा तो बाजूचा आरसा होता आणि तो बदलायला म्हणून शेषेरावाच्या गाडीत कधीपासून पडून होता. "हा सरांच्या स्टँडवर लावायचा," तो म्हणाला. "सर तोंड लोकांकडं करून उभं राहतील, आपुन मागं बसू. सरांना आपुन आरशात दिसू. नांगरताना मला सगळं रान दिसतंय यात."

रेणुकादासांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण भुजंगनं तेवढ्यात दादांना फोन लावून अडचण सुटल्याचं कळवलं होतं.

तालीम तशीच घेऊन बघायची ठरली. रेणुकादास भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आरशात मागचे सगळे ताटातल्या पुऱ्यांएवढे दिसत होते. तोंड फिरवल्यामुळं नेहमी उजव्या हाताला असणारे डावीकडं गेले होते. चेलोला करायची पहिली खूण सवयीनं उजवीकडं गेली आणि वकिलांना पोचली. वकील सवयीनं उठून उभे राहिले. त्यांना खाली बसवून रेणुकादासांनी पुन्हा छडी उचलली.

वाजवायचं होतं 'गोदाकाठ'. ही चार भागांची रचना रेणुकादासांची स्वतःची, आणि आजवर कुठल्याही गावात ती पूर्ण ऐकली गेली नव्हती. भाग संपला की वाद्यवृंद क्षणभर थांबतो आणि पुढचा भाग सुरू करतो. पण लोकांना ते माहीत नसतं. ते टाळ्या वाजवून मोकळे होतात. उमरीला तर दुसऱ्या भागानंतर आभारप्रदर्शनच झालं होतं आणि उरलेले दोन भाग यांनी खुर्च्या उचलणाऱ्या मंडपवाल्यासमोर वाजवले होते.

देविकानं व्हायोलिनचा गज उचलला, मान किंचित हलवून श्वास घेतला आणि पहिला भाग सुरू झाला. तो इतका साफ वाजला की संपल्यावर कुणी कुणाकडं बघेना. कुठं ओढाताण नाही, कुठं घाई नाही. इतकी वर्षं ज्या वळणावर हमखास गाडी घसरायची तिथंही ती सरळ गेली होती. रेणुकादास भिंतीकडं बघत उभे होते. "बरं झालं," ते म्हणाले आणि व्हरांड्यातल्या माठाचं पाणी प्यायला गेले.

"सर नसताना चांगलं वाजलं की," अनिमेष हळूच म्हणाला.

"होते की सर," शेषेराव म्हणाला. "फक्त आपल्याला दिसत न्हवते."

वाजवणारे पहिल्यापासून देविकाच्याच मानेकडं आणि गजाकडं बघून सुरू होत आणि थांबत, हे तिला ठाऊक होतं. छडीकडं बघून कुणी वाजवत नव्हतं, कारण रेणुकादास रंगात आले की छडी तालाच्या बरीच पुढं निघून जाई. हे कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायचं कारणच पडलं नव्हतं.

"पुन्हा एकदा घेऊ," ती म्हणाली. "आणि या वेळी थोडं चुकू या. सरांना वाईट वाटलंय."

"मला माझ्या नेहमीच्या चुका येतात," शेषेराव म्हणाला. "मुद्दामच्या न्हाई येत."

"मी मान हलवीन तेव्हा घसरायचं. परत हलवली की सावरायचं. सोपं आहे."

रेणुकादास आल्यावर पहिला भाग पुन्हा झाला. या वेळी तो मधेच घसरला, थोडा वेळ घसरलेलाच राहिला आणि मग सावरला. रेणुकादासांना आरशात सगळं दिसत होतं. सगळे एका क्षणी घसरले आणि एका क्षणी सावरले, आणि त्याआधी दोन्ही वेळा सगळ्यांचे डोळे देविकाच्या मानेकडं गेले. इतक्या शिस्तीत चुकणारा वाद्यवृंद त्यांनी तरी पाहिला नव्हता. ते हळूहळू मागं वळले.

"बघितलंत?" ते म्हणाले. "समोर माणूस नसला की असं होतं."

"हाव सर," सगळे एका सुरात म्हणाले. आपली युक्ती साधली म्हणून त्यांना बरं वाटलं. रेणुकादासांना मात्र वाईट वाटलं, आणि थोडंथोडकं नाही, चांगलंच वाटलं. ही पोरं आपल्याला सांभाळून घेताहेत आणि बहुधा पाच वर्षं घेताहेत, एवढं त्यांना त्या ट्रॅक्टरच्या आरशात दिसलं होतं.

घरी चंद्रप्रभाबाई भेंडी चिरत बसल्या होत्या. रेणुकादासांनी छडी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "मी नसलो तरी ते वाजवतात."

"मग?"

"मग म्हणजे काय? माझी गरज नाही त्यांना."

"मी माहेरी गेले की तुम्ही खिचडी लावता आणि जेवता," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "म्हणून मी परत यायचं नाही का?"

रेणुकादासांना हे उदाहरण पटलं नाही. खिचडीला कुणी संचालक लागत नाही असं ते म्हणणार होते, पण त्यातून आपलंच म्हणणं पक्कं होतं हे लक्षात येऊन ते थांबले. लातूरचा कार्यक्रम घेतला आहे तो पार पाडायचा आणि पुढच्या तालमीला छडी देविकाच्या हातात द्यायची, हे त्यांनी त्या रात्री ठरवून टाकलं. ठरवल्यावर माणसाला झोप लागते म्हणतात. त्यांना लागली नाही.

लातूरचं सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या ओळीत मधोमध श्रीमंतदादा, त्यांच्या एका अंगाला संचालक मंडळ आणि दुसऱ्या अंगाला चतुराबाई काकू. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, मग सत्कार सुरू झाले. लातूरच्या रीतीप्रमाणं पाहुण्यांना फेटे बांधायचे होते. व्हायोलिन मानेखाली धरल्यावर फेट्याचा शेमला तारांवर येतो म्हणून वाजवणाऱ्यांना कसंबसं सोडलं, पण रेणुकादासांची सुटका झाली नाही. फेटा बांधणाऱ्यानं तो असा घट्ट बांधला की त्यांच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि मुळातच भरघोस असलेल्या मिशांना एकाएकी काहीतरी ऐतिहासिक महत्त्व आलं. कुणाचीही जमीन खालसा करतील असे ते दिसू लागले.

ते लोकांकडं तोंड करून उभे राहिले. आरसा त्यांच्यासमोरच्या स्टँडवर जरा खाली लावलेला होता, त्यामुळं आरशात बघायचं म्हणजे नेमकं पहिल्या ओळीत बघावं लागे. पहिल्या ओळीत दादा होते. दादांना आरशाची मागची काळी बाजू दिसत होती आणि तिच्या वरून आपल्यावर रोखलेले दोन डोळे.

देविकानं मान हलवली आणि पहिला भाग सुरू झाला. थोड्या वेळानं अनिमेष नेहमीप्रमाणं आपल्या जागेच्या आधीच शिरला. रेणुकादासांचा चेहराही नेहमीप्रमाणं दात दुखल्यासारखा झाला आणि त्यांनी अनिमेषला आरशातून जळजळीत नजर दिली. हा चेहरा आजवर फक्त वाजवणाऱ्यांनी बघितला होता आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दादांनी तो पहिल्यांदाच बघितला. ते त्या वेळी कानाला मोबाईल लावून उसाच्या तोडणीबद्दल कुणाशी तरी बोलत होते. शाळा सोडल्यापासून त्यांच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"ठेवतो," दादा फोनमध्ये म्हणाले, आणि त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

रेणुकादास बघतच राहिले, कारण अनिमेष अजून सावरला नव्हता. दादांनी मोबाईल खिशातून परत काढला, बंद केला आणि तो बंद झाल्याचं हात वर करून दाखवलं. संचालक मंडळानं ते बघितलं आणि आपापले मोबाईल बंद केले. मागच्या ओळींनी संचालक मंडळाला बघितलं. पहिला भाग संपेपर्यंत सभागृहात एकही मोबाईल चालू नव्हता आणि हे असं का झालं हे पहिली ओळ सोडून कुणालाही माहीत नव्हतं.

भाग संपताच मागच्या बाजूला टाळ्या सुरू झाल्या. रेणुकादासांनी वाजवणाऱ्यांना 'थांबा, अजून पुढं आहे' असं सांगायला पंजा वर केला. टाळ्या जागीच थांबल्या. भुजंग आभाराचा कागद घेऊन विंगेतून निघाला होता, तो पंजा बघून पाठीमागं सरकत सरकत परत विंगेत गेला.

दुसरा भाग संथ. त्यात 'हळू, हळू' असं सांगायला तळहात खाली दाबायचा असतो. रेणुकादासांनी तो दाबला तेव्हा दाराशी उभी असलेली उशिरा आलेली मंडळी आहे तिथं, पायऱ्यांवर, बसली. तिसऱ्या भागात सगळी वाद्यं कुजबुजल्यासारखी वाजायची असतात. तिथं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सभागृहात पाण्याच्या बाटल्या वाटत फिरणारे दोघे एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. चतुराबाई काकूंनी शेजारणीला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, ते त्यांनी गिळलं. काकूंनी बोलणं गिळलेलं दादांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं आणि त्यांच्या मनात रेणुकादासांबद्दल आदर निर्माण झाला.

मागं बसलेल्या वाजवणाऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना रेणुकादासांची पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडं अंधार. पण असं वाजवणं त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. शेषेरावाला आपल्या चेलोचा खालचा स्वर पहिल्यांदाच सभागृहाच्या शेवटापर्यंत जाताना ऐकू येत होता. देविकाच्या अंगावर काटा आला. तारेवर गज नुसता टेकल्याचा आवाजही लोक ऐकत होते, आणि इतकी वर्षं आपण कशासाठी घासतो आहोत ते तिला त्या शांततेत कळलं.

चौथा भाग चढत जाणारा. रेणुकादास भान विसरले. आरसाबिरसा विसरले, छडी देविकाच्या हातात द्यायची आहे तेही विसरले. त्यांनी दोन्ही तळहात आकाशाकडं करून 'वर, वर, अजून वर' असे उचलले.

दादांनी डावीउजवीकडं बघितलं. एवढ्या अधिकारानं हा माणूस 'उठा' म्हणतो आहे म्हणजे काहीतरी राष्ट्रीय महत्त्वाचं असणार, असा विचार करून ते उभे राहिले. दादा उभे राहिल्यावर संचालक मंडळ उभं राहिलं, संचालक मंडळ उभं राहिल्यावर ठेवीदार उभे राहिले आणि कर्जदार तर आधीच उठले होते. शेवटचा स्वर वाजला तेव्हा सगळं सभागृह हात शरीराला चिकटवून सावधान उभं होतं.

शेवटच्या स्वरानंतर संचालकानं हात क्षणभर वर धरायचा असतो. रेणुकादासांनी धरला आणि समोरचं दृश्य बघून तो तसाच राहिला. त्यांच्या आयुष्यात 'गोदाकाठ' प्रथमच शेवटपर्यंत ऐकलं गेलं होतं आणि टाळी मात्र एकही पडली नव्हती. काही चुकलं असेल असं वाटून त्यांनी हात खाली आणला. सगळं सभागृह खाली बसलं.

पुन्हा शांतता. विंगेत भुजंग आभाराच्या कागदानं घाम पुसत होता.

शेवटी रेणुकादासांना राहवेना. झालं तरी काय हे आपल्या माणसांना विचारायला ते गर्रकन मागं वळले, म्हणजे दादांकडं त्यांनी सरळसरळ पाठ केली. भुजंगनं डोळे मिटून घेतले. पण ती नजर आपल्यावरून हटली हे दादांना जाणवलं आणि त्यांनी श्वास सोडून जी टाळी वाजवली तिच्यामागं सगळं सभागृह सुटलं. बराच वेळ टाळ्या चालल्या. रेणुकादास पाठ करून उभेच होते, कारण पुन्हा वळायला त्यांचा धीर होत नव्हता.

जेवणाच्या वेळी दादा स्वतः त्यांच्या ताटापाशी आले. "सर, आमचं मधी काही चुकलं का?" त्यांनी अदबीनं विचारलं. "मोबाईल बंद केला होता बराबर."

"छे, छे. फार छान ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं. पहिल्यांदाच असं काही पूर्ण ऐकलं. लई भारी वाटलं." दादा जरा घुटमळले. "फक्त एक विनंती हाय. पुढच्या वर्षी पाठच करून उभं राहा. आम्ही काही मनावर घेणार न्हाई."

"अन् सर, आमच्या वार्षिक सभेला याल का?" भुजंग मागून म्हणाला. "वाद्यं न्हाई आणली तरी चालतील."

परतीच्या गाडीत सगळे हसत होते. रेणुकादास खिडकीशी बसून होते आणि त्यांच्या कपाळावर फेट्याचा वळ उमटला होता. देविका दोनदा त्यांच्याशी बोलायला वळली आणि दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटले.

पुढच्या रविवारी तालमीला ते वेळेआधी येऊन बसले होते. सगळे जमल्यावर त्यांनी छडी देविकाच्या स्टँडवर ठेवली.

"आजपासून हे तू बघ," ते म्हणाले. "मला सगळं ठाऊक आहे. तुम्ही वाजवता ते तिच्याकडं बघून. आणि त्या दिवशी चुकलात तेही तिच्याकडं बघून. त्यात गैर काही नाही. छोट्या वाद्यवृंदाला संचालक लागतच नाही, जगभर नसतो. मला वाईट वाटलं. आता नाही वाटत."

शेवटचं वाक्य खोटं आहे हे सगळ्यांना कळलं. देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, लातूरला लोकांनी ऐकलं ते तुमच्यामुळं," ती म्हणाली.

"ते फेट्यामुळं," रेणुकादास म्हणाले आणि समोर खुर्ची ओढून बसले. "वाजवा. मी ऐकतो."

देविकानं छडी बाजूला सरकवली, गज उचलला आणि मान हलवली. पण त्या क्षणी तिच्या मानेकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे रेणुकादासांकडं बघत होते. दोघं आधी सुरू झाले, तिघं नंतर, वकील सुरूच झाले नाहीत. पुन्हा सुरुवात केली. रेणुकादासांनी सहज नाक खाजवलं, तर अनिमेषला ती आपल्यासाठी खूण वाटली आणि तो शिरला. तिसऱ्यांदा रेणुकादासांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा त्यांना झोप लागली की आपलं वाजवणं बघवत नाही, या काळजीत दुसरी व्हायोलिनं वाहून गेली. पाच वर्षांत त्यांचा चेहरा असा रिकामा बसलेला कुणी पाहिला नव्हता आणि आता देविकासकट कुणाचीही नजर त्याच्यावरून हटेना.

शेवटी शेषेरावानं गज खाली ठेवला. "सर, जमत न्हाई बघा," तो म्हणाला. "तुम्ही बसलात की आमचं सगळं ध्यान तुमच्यातच जातंय. तुम्ही उठा, तिथं उभं राहून हात हलवा. म्हंजी आम्हाला तुमच्याकडं बघावं लागत न्हाई."

कुणी हसलं नाही. देविकानं छडी उचलून पुढं धरली.

रेणुकादास गुडघ्यावर हात टेकून उठले, छडी घेतली आणि आपल्या जागी, सगळ्यांच्या समोर, जाऊन उभे राहिले. बारा जणांनी लगेच त्यांच्यावरून नजर काढली आणि 'गोदाकाठ' सुरू झालं.